कुत्र्याच्या हाडाचा कॅन्सर: लंगडण्यापासून निर्णयापर्यंत, नाशिकच्या घरांसाठी

मोठ्या चणीचा कुत्रा, वय सात-आठ, आणि दोन आठवडे उलटले तरी त्याच एका पायाने लंगडतोय. दुखण्याची गोळी दिली की दोन दिवस बरा, थांबवली की पुन्हा तेच. पुढच्या पायाच्या मनगटाच्या जरा वर, खांद्यापाशी किंवा मागच्या गुडघ्याच्या आसपास हाताला कडक सूज लागतेय. एवढं जुळत असेल तर आज-उद्याच एक्स-रे काढून घ्या. लंगडणाऱ्या कुत्र्यांपैकी बहुतेकांना कॅन्सर नसतो. कुणाचा स्नायू दुखावलेला असतो, कुणाच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला असतो, कुणाचे सांधे झिजलेले असतात, आणि गोचीड तापातही कुत्री पाय धरतात. पण कॅन्सर असेल तर वाट पाहण्यात गेलेला महिना फार महाग पडतो.

कुत्र्यांच्या हाडात सुरू होणाऱ्या कॅन्सरपैकी साधारण ८५ टक्के एकाच प्रकारचे असतात: ऑस्टिओसार्कोमा. या लेखात 'हाडाचा कॅन्सर' म्हटलं की तोच समजा. तो मोठ्या कुत्र्यांचा आजार आहे. रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, डॉबरमन, जर्मन शेफर्ड, गोल्डन, लॅब्राडोर ही नेहमीची नावं. लहान चणीच्या कुत्र्यांत तो क्वचित दिसतो. बहुतेक कुत्री सात ते दहा वर्षांची असतात, पण दीड-दोन वर्षांच्या तरुण कुत्र्यातही तो होतो, म्हणून 'एवढ्या लहान वयात कसला कॅन्सर' असं म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या पायांत तो मागच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट आढळतो.

पुढे वाचण्याआधी एक गोष्ट पक्की करा. या आजाराच्या दोन आघाड्या आहेत. एक पायात: हाड आतून पोखरलं जातं, त्याची वेदना. दुसरी छातीत: गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तावाटे फुफ्फुसात जाऊन बसतात. निदान होतं तेव्हा सुमारे ९० टक्के कुत्र्यांमध्ये या पेशी आधीच पसरलेल्या असतात, एक्स-रेत दिसत नसल्या तरी. डॉक्टर जे जे सुचवतील त्याला एकच प्रश्न लावा: हे पायासाठी आहे की छातीसाठी? पाय काढणं पायासाठी. किमो छातीसाठी. गोळ्या, रेडिएशन, हाड टिकवणारी इंजेक्शनं पायासाठी. हे डोक्यात स्पष्ट असेल तर खर्च, वेळ आणि अपेक्षा तिन्हींचा हिशोब नीट लागतो. नसेल तर 'एवढं ऑपरेशन केलं, तरी परत आलाच' हे दुःख वाट्याला येतं.

पहिली पायरी: मालिश थांबवा, एक्स-रे काढा

निफाड-पिंपळगावकडे द्राक्षबागेवर राखणीला असलेला कुत्रा लंगडला की गडी म्हणतो, तारेत अडकला असेल. शहरात आपण म्हणतो, गॅलरीतून उडी मारली असेल. मग तेल लावून चोळणं, शेक देणं, कुणाच्या तरी ओळखीच्या हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेणं. कॅन्सरने पोखरलेल्या हाडाला हे सगळं धोक्याचं आहे. असं हाड नुसतं चोळण्या-ओढण्यानेही मोडू शकतं, आणि मोडलं तर सहजासहजी जुळत नाही.

घरातल्या माणसांच्या गोळ्याही देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, मूत्रपिंड बिघडवतात. इथे आणखी एक पेच आहे. कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि वरून वेदनाशामक गोळीही चालू राहिली, तर पोटातल्या रक्तस्रावाचा धोका खूप वाढतो. डॉक्टर बदलताना आधी काय काय दिलं होतं, त्याचे कागद किंवा रिकाम्या पट्ट्या सोबत न्या.

एक्स-रे दोन बाजूंनी हवा, समोरून आणि बाजूने. एका कोनातून सुरुवातीची पोखरण लपून राहते. कॅन्सरमध्ये हाड एकीकडे विरघळलेलं आणि दुसरीकडे वेडंवाकडं वाढलेलं दिसतं, आणि सहसा सांधा ओलांडून तो पलीकडच्या हाडात जात नाही. मोठा कुत्रा दुखत्या पायाने सरळ झोपत नाही, म्हणून थोडी गुंगी द्यावी लागते. तेव्हा उपाशीपोटी यायचं का, हे फोनवरच विचारा. डिजिटल फाइल मागून घ्या. पुढे मुंबईच्या डॉक्टरला पाठवायला मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो पुरत नाही.

दुसरी पायरी: खात्री

एक्स-रे पाहून अनुभवी डॉक्टर बऱ्याचदा नाव सांगतात. तरी हाडातला जंतुसंसर्ग किंवा बुरशीसुद्धा असंच चित्र उभं करू शकते, आणि त्यांचा उपचार पूर्ण वेगळा. म्हणून गाठीतून सुईने पेशी काढून तपासतात. ते झटपट होतं, कुत्र्याला फारसा त्रास नाही. त्यातून स्पष्ट झालं नाही तर जाड सुईने हाडाचा तुकडा घेतात, म्हणजे बायोप्सी करतात. त्याचा रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस लागतात, कारण हाड आधी मऊ करून मग कापावं लागतं.

तुकडा घेतल्याने आधीच कमजोर हाड मोडण्याचा थोडा धोका असतो. म्हणून एक्स-रे आणि पेशी दोन्ही एकच सांगत असतील आणि पाय काढायचा हे तुम्ही ठरवलंच असेल, तर काही सर्जन बायोप्सीशिवाय ऑपरेशन करतात आणि काढलेला पाय तपासणीला पाठवतात. मला हे योग्य वाटतं, पण एका अटीवर: तो पाय खरंच लॅबला गेला पाहिजे. खर्च वाचवायला ही तपासणी गाळली जाते, आणि मग किमो कशासाठी देतोय हेच कागदावर राहत नाही.

तिसरी पायरी: छाती आणि रक्त

छातीचे तीन एक्स-रे लागतात: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि सरळ. खालच्या बाजूचं फुफ्फुस दबलेलं असल्याने एका कुशीवर त्यातली गाठ दिसत नाही, म्हणून तिन्ही. निदानाच्या वेळी दहातल्या एखाद्याच कुत्र्यात गाठ दिसते. 'छाती स्वच्छ आहे' याचा अर्थ एवढाच की पाऊण सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ दिसली नाही. सीटी स्कॅनमध्ये त्याहून बारीक दिसतं, पण बहुतेकांना त्यावाचून निर्णय घेता येतो.

रक्तात तीन गोष्टी बघा. मूत्रपिंड आणि यकृत, कारण औषधं त्यांच्यावरच पडतात. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम, कारण ते वाढलेलं असेल तर आजार जास्त आक्रमक असण्याची शक्यता असते. आणि प्लेटलेट. आपल्याकडे गोचिडींचा त्रास बारमाही, पावसाळ्यात तर विचारू नका. गोचीड तापाने प्लेटलेट उतरलेल्या कुत्र्याला तसंच ऑपरेशनला घेतलं तर रक्त थांबत नाही. ताप असेल तर आधी त्याचा उपचार, मग ऑपरेशनची तारीख.

हे तीन टप्पे नाशिकमध्ये होऊ शकतात. अशोक स्तंभाजवळ सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिक रोड या बाजूंना खासगी दवाखाने. पण पुढच्या उपचारासाठी कॅन्सरचे रुग्ण नेहमी पाहणाऱ्या डॉक्टरचं मत घ्याच. त्यासाठी मुंबई किंवा पुणे. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. कॅन्सर पाहणारे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आधी फोनवर विचारल्याशिवाय कसारा घाट उतरू नका.

चौथी पायरी: तीन रस्ते

आकडे आधीच सांगतो, कारण ते कुणी ना कुणी सांगणारच आहे आणि अर्धवट ऐकण्यापेक्षा पूर्ण ऐकलेलं बरं. नुसत्या गोळ्यांवर बहुतेक कुत्र्यांची वेदना एक ते तीन महिने जेमतेम आटोक्यात राहते. नुसता पाय काढला तर मध्यम आयुष्य चार-पाच महिने, पण त्या महिन्यांत पायाची वेदना नसते. पाय काढून किमो दिली तर दहा ते बारा महिने, आणि साधारण पाचातला एक कुत्रा दोन वर्षं ओलांडतो. मध्यम म्हणजे निम्मी कुत्री त्याआधी जातात आणि निम्मी त्यानंतर. तुमचा कुत्रा कुठल्या निम्म्यात आहे हे कुणीच सांगू शकत नाही. पूर्ण बरा होणं फार थोड्यांच्या नशिबी असतं.

तिन्ही रस्ते सन्मानाचे आहेत. वेदना तशीच ठेवून 'बघू काय होतं' हा मात्र चौथा रस्ता म्हणून मोजू नका. कुत्रा कण्हत नाही, म्हणजे दुखत नाही, असं नसतं. पाय टेकवत नाही, रात्री जागा बदलत राहतो, त्या पायाला हात लावू देत नाही, धापा टाकतो, ही सगळी वेदनाच आहे.

पाय काढण्याबद्दल थोडं विस्ताराने

घरात सर्वात जास्त रडारड इथे होते. आजी म्हणतात, मुक्या जनावराचे हाल कशाला. शेजारी म्हणतात, तीन पायांवर कसा जगेल. खरं तर तो आधीच तीन पायांवर चालतोय. चौथा फक्त दुखायला आहे. ऑपरेशननंतर बरीचशी कुत्री दुसऱ्या दिवशी उभी राहतात आणि दोन-चार आठवड्यांत घरात नेहमीसारखी वावरतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात.

तरी सगळ्यांना हे ऑपरेशन झेपत नाही, आणि डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून पुढचा पाय काढलेल्या लठ्ठ कुत्र्याला जड जातं. दोन्ही कमरेचे सांधे खराब असतील, दुसऱ्या गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला असेल किंवा मागचे पाय लुळे पडत असतील, तर आधी ती तपासणी. पाय वाचवून फक्त आजारी हाड बदलण्याची शस्त्रक्रियाही असते. ती मुख्यतः मनगटाजवळच्या गाठीसाठी करतात, जंतुसंसर्गाचं प्रमाण बरंच असतं, आणि ती करणारे सर्जन मोजके. तिच्या मागे वेळ घालवावा असं मला वाटत नाही.

ऑपरेशनच्या आधीच घर तयार करा. आपल्या फ्लॅटमधली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी ही तीन पायांच्या कुत्र्याची सगळ्यात मोठी शत्रू. सतरंजी सरकते, रबरी पाठीच्या मॅट दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सलग अंथरा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर पोटाखालून घ्यायचा पट्टा लागेल, आणि ३५ किलोचा कुत्रा रोज कोण उचलणार हे आधीच ठरवा. जखम पावसाळ्यात ओली राहू देऊ नका.

किमो: माणसांची आठवण बाजूला ठेवून

घरात कुणाला किमो झालेली असेल तर तेच चित्र डोळ्यांसमोर येतं आणि लोक नको म्हणतात. औषधं तीच असतात, पण कुत्र्यांमध्ये मात्रा अशी ठेवतात की रोजचं जगणं चांगलं राहावं. बहुतेक कुत्र्यांना एक-दोन दिवस भूक कमी लागते, थोडी उलटी किंवा जुलाब होतात, आणि मग ती पुन्हा शेपूट हलवत दारात. केसही सहसा गळत नाहीत. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जाती सोडून.

जास्त वापरलं जाणारं औषध कार्बोप्लॅटिन. शिरेतून, दर तीन आठवड्यांनी, चार ते सहा वेळा. टाके निघायच्या सुमारास पहिला डोस. मात्रा वजनावर नाही, शरीराच्या पृष्ठभागावर ठरते: एक चौरस मीटरला ३०० मिलिग्रॅम. ३० किलोच्या कुत्र्याचा पृष्ठभाग जवळपास एक चौरस मीटर भरतो, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. औषध १५० आणि ४५० च्या कुप्यांत मिळतं, त्यामुळे अंदाजपत्रकात किती कुप्या धरल्यात ते तुम्हालाही तपासता येतं. डॉक्सोरुबिसिन हे दुसरं औषध. ते हृदयावर ताण आणतं, त्यामुळे डॉबरमनसारख्या हृदयविकाराच्या जातीत आधी हृदयाची तपासणी हवी. शिवाय ते शिरेबाहेर सांडलं तर आसपासचं मांस जळतं, म्हणून किमो देण्याची सवय असलेल्या हातांकडूनच घ्या.

डोसनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सगळ्यात खाली असतात. या दिवसांत थर्मामीटर घरात ठेवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०३ च्या वर गेलं आणि कुत्रा मलूल दिसला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री डॉक्टर गाठा. ज्यांचा डोस मुंबईत आहे त्यांनी नाशिकमधला कोणता दवाखाना रात्री उघडा असतो ते पहिल्या डोसच्या आधीच शोधून ठेवावं.

आणि मुंबईला निघण्याच्या आदल्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नाशिकमध्येच करून रिपोर्ट पाठवा. पेशी कमी असतील तर डोस पुढे ढकलतात, आणि मग साडेतीनशे किलोमीटरची येजा फुकट जाते. घाटात उलटी होणारा कुत्रा असेल तर तसं सांगा. मॅरोपिटंटसारखं औषध प्रवासाच्या उलटीवरही चालतं आणि किमोच्या उलटीवरही.

डोसनंतर दोन-तीन दिवस लघवी-विष्ठा हातमोजे घालूनच साफ करा. घरात गरोदर बाई किंवा रांगतं मूल असेल तर त्यांना या कामापासून लांब ठेवा.

पाय काढायचा नसेल तर

एका औषधावर सगळा भार टाकू नका. जनावरांसाठीचं वेदनाशामक (मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन किंवा फिरोकॉक्सिब, यातलं एकच), जोडीला नसांच्या वेदनेवरचं गॅबापेन्टिन, आणि हाड विरघळणं कमी करायला पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट ही शिरेतून दर चार आठवड्यांनी देण्याची इंजेक्शनं. सगळ्यांना सारखा उतार पडत नाही, पण काही कुत्री पुन्हा पाय टेकवतात. वेदनाशामक नेहमी खाल्ल्यावर. काळी शी दिसली तर गोळी थांबवून फोन करा. रेडिएशनने बहुसंख्य कुत्र्यांची वेदना दोन ते चार महिने कमी होते, पण जनावरांसाठी ती सोय देशात मोजक्याच ठिकाणी आहे.

इथे एक अवघड गोष्ट आहे. औषधाने बरं वाटलं की कुत्रा धावायला लागतो, आणि हाड तर आतून कमजोरच असतं. सोफ्यावर उडी नको, जिन्यावर एकटा नको, गोदाकाठच्या पायऱ्या तर नकोच. सकाळी पट्ट्यावर सपाट जागी दहा मिनिटं पुरे. हाड मोडलंच तर प्लेट टाकून ते जुळवण्याचा प्रयत्न सहसा करत नाहीत. त्याच दिवशी पाय काढणं किंवा निरोप देणं, यांतलं एक ठरवावं लागतं. ते आधी घरात बोलून ठेवा.

खाणंपिणं

नाशिकची दोन अभिमानाची पिकं कुत्र्याला विष आहेत. द्राक्षं आणि मनुके मूत्रपिंड बंद पाडू शकतात. शिऱ्यातले चार मनुकेही नकोत, त्यात वेदनाशामक चालू असेल तर अजिबात नको. कांदा, शिजवलेला असला तरी, लाल पेशी फोडतो. त्यामुळे कांदा घातलेला रस्सा भातावर ओतून देणं बंद.

बाकी, किमो चालू असेपर्यंत कच्चं मांस नको. उकडलेली अंडी, चिकन, भात, नेहमीचं डॉग फूड, जे तो आवडीने खातो ते. लठ्ठ असेल तर वजन उतरवा, आजाराने वाळत असेल तर भरपूर द्या. हळद, अश्वगंधा, गोमूत्र यांनी हा कॅन्सर हटल्याचा पुरावा नाही. द्यायचंच असेल तर किमोच्या डॉक्टरला सांगून द्या, लपवून नको.

खर्चाचं बोलणं

पहिल्याच भेटीत लेखी अंदाज मागा. त्यात भूल, काढलेल्या पायाची तपासणी, प्रत्येक डोसची औषधं, प्रत्येक वेळचं सीबीसी आणि दर दोन-तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे धरलाय का ते पाहा. पैसे पाय काढण्यापुरतेच असतील तर तेवढंच करा. वेदना गेली, हे पूर्ण काम झालं. कर्ज काढून किमो करावी असं मी कुणाला सांगणार नाही.

शेवटची पायरी: आधी ठरवलेली रेघ

पुढे कधीतरी खोकला, धाप, दुसऱ्याच पायाने लंगडणं किंवा खाणं सुटणं सुरू होतं. छातीत गाठी दिसल्या तरी काही कुत्री कित्येक आठवडे मजेत असतात, म्हणून नुसत्या एक्स-रेवरून घाई नको. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना दहापैकी गुण देण्याची एक पद्धत डॉक्टर वापरतात; स्थिती जितकी चांगली तितके गुण जास्त, म्हणजे वेदना कमी तर गुण जास्त. एकूण पस्तीसच्या खाली राहू लागलं की निर्णयाची वेळ आली समजा. गुण एकाच माणसाने द्यावेत, रोज त्याच वेळी, आणि शक्यतो त्याने, ज्याला कुत्र्याचं सगळं करावं लागतं. जो संध्याकाळी अर्धा तास भेटतो त्याला कुत्रा नेहमीच बरा दिसतो.

इंजेक्शन देऊन कायमचा निरोप देणं घरीही होऊ शकतं. तुमचे डॉक्टर घरी येतात का ते महिनाभर आधी विचारा. आधी गुंगीचं औषध द्यायला सांगा. घरातली मोठी मुलं हजर राहणार का, शेतावर पुरायचं की महापालिकेकडे चौकशी करायची, मोठ्या कुत्र्याला जिन्यावरून खाली आणायला दोन माणसं कोण, हे सगळं कुत्रा जेवत-खात असतानाच ठरवा आणि एका कागदावर लिहून डॉक्टरच्या नंबरसोबत फ्रिजवर लावून ठेवा.